आठवड्याच्या रात्रींच्या जेवणांचा बेत

मिसर देशाच्या दास्यांतून सुटून रानांत आलेल्या इस्राएल लोकांना रोज सकाळीं मान्ना मिळत असे, ही बायबलांतील कथा आमच्या शाळेंतील बहुतेक मुलांना ठाऊक आहे. तो मान्ना पोटभर होता, चवीला मधाच्या पोळीसारखा गोड होता, आणि त्यास एक पैसाहि पडत नव्हता. तरी कांहीं काळानें ते लोक कुरकुर करूं लागले. त्यांना मिसरांतले मासे आठवले, काकड्या आणि खरबुजें आठवलीं. इतकेंच काय, कांदा आणि लसूण यांच्या आठवणीनेंहि त्यांच्या डोळ्यांस पाणी आलें. ही हकीकत गणना या पुस्तकाच्या ११ व्या अध्यायांत दिलेली आहे. आपण त्या लोकांस कृतघ्न म्हणतों, आणि तें योग्यच आहे. परंतु संध्याकाळीं ताटावर बसतांच ‘आज पुन्हां हेंच कां?’ असें म्हणणाऱ्या आपणांस त्यांना नांवें ठेवण्याचा अधिकार कितपत आहे, याचा प्रत्येकानें मनाशीं विचार करावा.

प्रस्तुत लेखांत ज्या घरांचा विचार केला आहे, तीं घरें देवाच्या कृपेनें सुस्थितींत असणारीं आहेत. तेथें धान्याचे डबे भरलेले असतात, भाजी आणावयास पैसे असतात, फ्रीज व गॅस असतो. ज्या घरांत महिनाअखेर तोंडमिळवणी करतांना जीव मेटाकुटीस येतो, तेथील प्रश्न निराळा व अधिक गंभीर आहे. त्याचें विवेचन एका लहानशा लेखांत करणें शोभणार नाहीं. येथें प्रश्न एवढाच कीं, सर्व कांहीं असतांना रात्रीचें जेवण एकसुरी कां होतें, आणि त्याचें ओझें घरांतील एकाच माणसाच्या डोक्यावर कां पडतें?

या विषयाकडे माझें लक्ष एका विद्यार्थ्यानें वेधलें. गेल्या वर्षीं मीं आठवीच्या वर्गास ‘आमच्या घरचें रात्रीचें जेवण’ हा विषय निबंधासाठीं दिला होता. एका मुलानें फार व्यवस्थित निबंध लिहिला. बाबांना भात लागतो, आजोबांना भाकरी मऊ लागते, धाकट्या बहिणीला वांगें चालत नाहीं, स्वतःस बटाटा आवडतो, असें सर्व त्यानें क्रमवार सांगितलें होतें. शेवटीं त्यानें लिहिलें होतें: ‘आई काय जेवते तें मला माहीत नाहीं, कारण ती आमच्या मागून जेवते.’ निबंधांत शुद्धलेखनाची एकहि चूक नव्हती. त्या शेवटच्या ओळीखालीं लाल शाईनें काय लिहावें, तें मात्र मला सुचलें नाहीं.

त्याच संध्याकाळीं मी घरीं पोंचतांच पत्नीनें नेहमींप्रमाणें विचारलें, ‘अहो, रात्रीं काय करूं?’ आणि मींहि नेहमींप्रमाणें उत्तर दिलें, ‘कांहींहि कर.’ हें उत्तर मी लग्न झाल्यापासून देत आलों होतों, आणि त्यांत माझा साधेपणा व समजूतदारपणा दिसतो अशी माझी समजूत होती. त्या दिवशीं ती म्हणाली, ‘कांहींहि नांवाची भाजी मंडईत मिळत नाहीं.’ मी निरुत्तर झालों. विचार करतां ध्यानांत आलें कीं, स्वयंपाकाच्या श्रमांहून ‘काय करावें’ हें रोज एकटीनें ठरविण्याचे श्रम कमी नसतात. आणि ‘कांहींहि कर’ म्हणणारा मनुष्य आपली निवड सोडून देत नाहीं, तो फक्त निवडण्याचें काम दुसऱ्यावर ढकलतो. कारण पुढें पानांत आलेल्या ‘कांहींहि’स नांवें ठेवण्याचा हक्क तो स्वतःकडे राखून ठेवितोच!

१. पैसा असून एकसुरीपणा कां येतो?

पहिलें कारण असें कीं, निर्णय चुकीच्या वेळीं घेतला जातो. संध्याकाळचे सात वाजलेले, सर्वजण दमलेले, मुलें भुकेलेलीं; अशा वेळीं मनुष्य नवें सुचवूं शकत नाहीं. जें हाताच्या सवयीचें असतें तेंच होतें. बटाटा, टोमॅटो, कोबी आणि तुरीचें वरण यांच्या पलीकडे बुद्धि धांवत नाहीं.

दुसरें कारण असें कीं, सुस्थितींतील मनुष्य ही उणीव पैशानें भरून काढूं पाहतो. कंटाळा आला कीं मोबाइलवरून उपाहारगृहांतील पदार्थ मागवावे, अथवा एकाच रात्रीं दोन भाज्या, उसळ, तळण आणि गोड असा थाट करावा. पहिल्या उपायांत तेल, मीठ व तिखट किती आहे हें आपल्या हातीं राहत नाहीं. दुसऱ्या उपायांतील दोष जरा सूक्ष्म आहे. बार्बरा रोल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८१ मध्यें प्रयोगांनीं असें दाखविलें कीं, एक पदार्थ खातां खातां त्या पदार्थाची गोडी कमी होत जाते, परंतु न खाल्लेल्या पदार्थाची गोडी तशीच टिकून राहते. म्हणूनच पोट भरलें असतांहि पंगतींत जिलेबीस जागा होते! एका बैठकींत जितके पदार्थ अधिक, तितकें मनुष्य गरजेपेक्षां अधिक खातो.

यावरून या लेखांतील मुख्य नियम निघतो: विविधता एका ताटांत कोंबूं नये, ती आठवड्यांत पसरावी. एका रात्रीं तीन-चार पदार्थ पुरेत. मात्र सोमवारचे तीन पदार्थ मंगळवारीं पुन्हां दिसूं नयेत. असें केल्यानें रुचि टिकते, पोटास त्रास होत नाहीं, आणि रांधणारीचे श्रमहि वाढत नाहींत.

२. विविधता कशास म्हणावें?

सात दिवस सात भाज्या आणल्या, पण त्या सर्व कांदा-टोमॅटोच्या एकाच रश्शांत शिजविल्या, तर ती विविधता नव्हे. खरी विविधता चार ठिकाणीं पाहावी.

धान्य. गहूं आणि तांदूळ यांवरच आपली भिस्त असूं नये. ज्वारी, बाजरी व नाचणी हीं आपल्याच मातींतलीं धान्यें आहेत. भारताच्या पुढाकारानें संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष भरड धान्यांचें आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलें, तेव्हां जगानें त्यांची दखल घेतली. आपल्या आजीबाईंना तीं आधींच ठाऊक होतीं. नाचणींत कॅल्शियम विपुल असतें आणि बाजरींत लोह असतें.

डाळ, कडधान्य, अंडीं, मासे, मांस. शरीराची झीज भरून काढणारीं प्रथिनें यांतून मिळतात. धान्याच्या प्रथिनांत लायसिन नांवाचें अमिनो आम्ल कमी असतें, तें डाळींत भरपूर असतें. डाळींत मेथिओनिन कमी असतें, तें धान्यांत पुरेसें असतें. यास्तव वरण-भात, भाकरी-पिठलें, इडली-सांबार या जोड्या केवळ चवीच्या नाहींत, त्या एकमेकांची उणीव भरून काढणाऱ्या आहेत. शास्त्राचीं पुस्तकें नसतांना आपल्या पूर्वजांनीं त्या अनुभवानें जुळविल्या.

भाजीचा अवयव. वनस्पतिशास्त्राच्या तासास तुम्ही मूळ, खोड, पान, फूल, फळ व बी हीं नांवें पाठ करतां. तींच ताटांत मोजून पाहा. मेथी, पालक, चुका व अंबाडी हीं पानें. मुळा, गाजर व बीट हीं मुळें. फ्लॉवर हें फूल. वांगें, दोडका, भोपळा व भेंडी हीं फळें. गवार व घेवडा या शेंगा. मटार हें बी. आठवड्यांत यांतील निदान चार अवयव ताटांत आले, तर भाजीची विविधता साधली असें समजावें. बटाटा हा पिष्टमय असल्यानें त्यास भाजींत न धरतां धान्याच्या पंक्तीस बसवावें.

कृति. उकडणें, वाफविणें, परतणें, भाजणें, आंबविणें आणि तळणें, या सर्व निराळ्या वाटा आहेत. तेंच वांगें मसाला भरून शिजविलें तर एक पदार्थ आणि निखाऱ्यावर अथवा गॅसवर भाजून भरीत केलें तर दुसरा. तळणास आठवड्यांतून एकदांच पाळी द्यावी.

प्रमाणाविषयीं हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेली मार्गदर्शिका उपयोगी आहे. रोज सुमारें २००० कॅलरी लागणाऱ्या प्रौढ माणसासाठीं तींत दिवसाचें ताट असें सांगितलें आहे: भाज्या ४०० ग्रॅम, धान्यें २५० ग्रॅम, दूध अथवा दही ३०० मिलिलिटर, फळें १०० ग्रॅम, डाळी, अंडीं अथवा मांस मिळून ८५ ग्रॅम, दाणे व तेलबिया ३५ ग्रॅम, आणि तेल-तूप २७ ग्रॅम. येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. धान्यापेक्षां भाजीचें वजन अधिक आहे! आपल्या घरीं बहुधा याच्या उलट चालतें. पोळ्यांची चवड उंच आणि भाजी वाटीभर.

३. सात रात्रींचा एक नमुना

पुढील बेत चौघांच्या कुटुंबासाठीं नमुना म्हणून दिला आहे. तो जसाच्या तसा उचलण्यासाठीं नाहीं; त्यामागील क्रम ध्यानांत घेण्यासाठीं आहे.

सोमवार: ज्वारीची भाकरी, मुगाची डाळ घालून केलेली मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, ताक.

मंगळवार: पोळी, मोड आलेल्या मटकीची उसळ, गाजराची कोशिंबीर, लिंबाची फोड.

बुधवार: भात, अंड्यांचा रस्सा, परतलेला कोबी. अंडीं न खाणाऱ्यांनीं हरभऱ्यांचा अथवा मटार-पनीरचा रस्सा करावा.

गुरुवार: मुगाच्या डाळीची खिचडी, कढी, भाजलेला पापड, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर.

शुक्रवार: बाजरीची भाकरी, भरलीं वांगीं अथवा भरीत, तुरीची आमटी, मुळ्याचा कीस. समुद्रकांठच्या मंडळींनीं या दिवशीं माशांची आमटी आणि भात करावा.

शनिवार: परप्रांताचा दिवस. दक्षिणेची इडली-सांबार, पंजाबचे छोले, गुजराथचा हांडवा, यांपैकीं एक. हा दिवस मुलांनीं हात लावण्याचा.

रविवार: दुपारीं उपासनेनंतर अथवा सुटीनिमित्त पाहुण्यांसह मोठें जेवण झालेलें असतें, मग तें कोंबडीच्या रश्शाचें असो वा पुरणपोळीचें. म्हणून रात्रीं फक्त भाजणीचें थालीपीठ, दही आणि एखादें फळ.

आतां या क्रमामागील कारणें पाहूं. पालेभाजी लवकर कोमेजते, म्हणून ती सोमवारीं; कोबी टिकतो, म्हणून तो बुधवारीं. ‘नासणारें आधीं, टिकणारें मागून’ हा नियम पाळला, तर फ्रीजच्या तळाशीं काळी पडलेली कोथिंबीर आणि मऊ झालेली काकडी सांपडत नाहीं. गुरुवार हा आठवड्याच्या मध्यावरचा दमलेला दिवस, म्हणून एका कुकरांत होणारी खिचडी. ज्यांचा दमण्याचा दिवस दुसरा असेल, त्यांनीं खिचडी त्या दिवशीं न्यावी. मटकीबरोबर लिंबू दिलें आहे तें शोभेसाठीं नव्हे. लिंबांतील क जीवनसत्त्वामुळें कडधान्यांतील व पालेभाजींतील लोह शरीरास अधिक मिळतें. उलट, जेवणाला लागूनच चहा घेतल्यास तें कमी मिळतें.

प्रत्येक घराचें स्वतःचें पंचांग असतें, तेंहि बेतांत धरावें. कोणाकडे चतुर्थी व एकादशी असते, कोणाकडे श्रावण पाळतात, कोणाकडे रमजानचे रोजे असतात, कांहीं ख्रिस्ती घरांत लेंतच्या दिवसांत मांस वर्ज्य करतात. आमच्या शाळेंत हीं सर्व घरें एका बाकावर बसतात, आणि एकमेकांचे डबे चाखतात. त्याचप्रमाणें ऋतूहि पाहावा. हिंवाळ्यांत ओला मटार, हरभऱ्याचा पाला आणि गाजर. उन्हाळ्यांत कैरी आणि ताक. पावसाळ्यांत टाकळा-कुर्डूसारख्या रानभाज्या, पण त्या ओळखणाऱ्या जाणत्या माणसाकडूनच घ्याव्या. पावसाळ्याच्या आरंभीं यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हां माशांच्या जागीं सुकट अथवा कडधान्य योजावें.

४. यादी आणि पूर्वतयारी

मान्न्याच्या कथेंत आणखी एक गोष्ट आहे, ती निर्गम पुस्तकाच्या १६ व्या अध्यायांत येते. शब्बाथाच्या दिवशीं काम करावयाचें नसल्यानें सहाव्या दिवशीं लोकांनीं दुप्पट गोळा करावें, अशी आज्ञा होती. विश्रांतीचा दिवस विश्रांतीचा व्हावा, यासाठीं आदल्या दिवशीं तयारी! साप्ताहिक बेताचें याहून जुनें उदाहरण माझ्या पाहण्यांत नाहीं. तयारी ही विश्रांतीसाठीं असते. ज्या बेतानें विश्रांति वाढत नाहीं तो बेत चुकला असें समजावें.

बाजार दोन वेळां करावा: एकदां शनिवारीं किंवा रविवारीं, आणि दुसऱ्यांदां बुधवारीं. वजनाचा हिशेब विद्यार्थ्यांनीं असा मांडावा. दिवसाच्या ४०० ग्रॅम भाजीपैकीं निम्मी रात्रीं खाल्ली, तर एका माणसास २०० ग्रॅम, चौघांस ८०० ग्रॅम, आणि सात रात्रींस ५ किलो ६०० ग्रॅम भाजी लागेल. कोशिंबिरीची काकडी, गाजर व टोमॅटो यांतच आले. घरांत लहान मुलें असल्यास प्रमाण कमी धरावें. असा हिशेब हातीं असला म्हणजे मंडईत मन भुलत नाहीं. पैसे आहेत म्हणून तीन जुड्या घेऊन दोन फेकण्याची पाळी येत नाहीं. ज्याला पैशाची चणचण नाहीं त्यानें अन्नाची नासाडी करावी असा त्याचा अर्थ होत नाहीं. अन्न वायां जातें तेव्हां त्याबरोबर शेतकऱ्याचे श्रम, विहिरीचें पाणी आणि घरच्या माणसाचे कष्टहि वायां जातात.

पूर्वतयारीचें वेळापत्रक लहानसेंच आहे. मंगळवारच्या उसळीसाठीं मटकी रविवारीं रात्रीं भिजत घालावी, सोमवारीं सकाळीं निथळून ओल्या फडक्यांत बांधावी; मंगळवारीं मोड तयार असतात. थंडींत अधिक वेळ लागतो, म्हणून पुरचुंडी उबेस ठेवावी. मोड आल्यानें कडधान्य पचावयास हलकें होतें आणि त्यांत क जीवनसत्त्व वाढतें. शनिवारच्या इडलीसाठीं तीन वाट्या तांदूळ व एक वाटी उडदाची डाळ शुक्रवारीं दुपारीं निरनिराळीं भिजत घालून रात्रीं वाटावी. सकाळीं पीठ फुगलें कीं संध्याकाळपर्यंत फ्रीजमध्यें ठेवावें. रविवारीं अर्धा तास सर्वांनीं बसून लसूण सोलावा, मेथी निवडावी, शेंगदाणे भाजून त्यांची चटणी कुटावी. आमच्या घरीं मेथी निवडणें हें माझें काम आहे, आणि पहिल्या दिवशीं मीं देंठांसकट निम्मी पानें टाकून दिलीं हें येथें कबूल करतों.

५. उरलेलें अन्न

पांच हजारांस जेवूं घातल्यावर येशूनें शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करावयास सांगितलें, आणि त्यांच्या बारा टोपल्या भरल्या. ज्याला अन्नाची वाण नव्हती त्यानेंच कांहीं वायां जाऊं नये असें सांगावें, यांत मोठा बोध आहे. म्हणून बेतांत एक जागा उरलेल्यासाठीं मोकळी ठेवावी. उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा, भाताचा फोडणीचा भात, वरणाचें पीठ मळून केलेले पराठे, हे पदार्थ घरोघरीं होतात. रविवारीं दुपारचा रस्सा उरला असेल, तर रात्रींचें थालीपीठ त्याच्याबरोबर खावें.

मात्र एक सावधगिरी अवश्य पाळावी. शिजविलेला भात तासन् तास ओट्यावर उघडा ठेवूं नये. तांदुळांतील कांहीं जंतूंचीं बीजें शिजविल्यानंतरहि जिवंत राहतात, आणि उष्ण हवेंत वाढून विष निर्माण करतात. पुन्हां गरम केल्यानें तें विष नष्ट होईलच असें नाहीं. सबब दोन तासांच्या आंत भात पसरट भांड्यांत निववून फ्रीजमध्यें ठेवावा आणि दुसऱ्या दिवशीं संपवावा.

६. बेत कोणीं करावा?

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. हा बेत आईनें एकटीनें केला, तर तिच्या कामांत आणखी एका कामाची भर पडेल, दुसरें कांहीं नाहीं. तो सर्वांनीं बसून करावा. आमच्या घरीं रविवारीं संध्याकाळीं प्रार्थना झाल्यावर एक वही उघडतात. प्रत्येकानें एक रात्र सुचवावयाची, आणि आपण सुचविलेल्या रात्रीं निदान एक काम करावयाचें, असा नियम आहे. जो सुचवीत नाहीं त्याला नांवें ठेवतां येत नाहींत. या एका कलमानें घरांतील कुरकुर जितकी कमी झाली, तितकी माझ्या कोणत्याहि उपदेशानें झाली नव्हती.

पहिला आठवडा आमचा पुरता फसला, हेंहि सांगितलें पाहिजे. उत्साहाच्या भरांत आम्हीं सातहि रात्रीं नवे पदार्थ लिहिले. बुधवारीं रात्रीं साडेनऊ वाजतां आम्ही सर्वजण ब्रेड आणि दूध घेऊन बसलों होतों, आणि मुलें खूष होतीं. त्यावरून शिकलों कीं, आठवड्यांत नवा पदार्थ एकच असावा. पांच रात्रीं ओळखीच्या असाव्या, आणि एक रात्र मोकळी असावी. बेत हा नोकर आहे, धनी नव्हे. अचानक पाहुणा आला, कोणी आजारी पडलें, तर गुरुवारची खिचडी मंगळवारीं आल्यानें कांहीं बिघडत नाहीं.

लूकच्या शुभवर्तमानांत मार्था आणि मरीया या बहिणींची गोष्ट आहे. घरीं येशू आलेला असतांना मरीया त्याच्या पायांजवळ ऐकत बसली, आणि मार्था पुष्कळ कामाच्या ओढींत तिच्यावर चिडली. या गोष्टीवरील प्रवचनांत मार्थेला बोल लावलेले मीं अनेकदां ऐकले आहेत. परंतु त्या घरांतील इतर कोणी उठून पाण्याचा तांब्या भरला असता, तर मार्थेलाहि बसतां आलें असतें, हें मात्र फार थोडे लोक बोलतात. आमच्या घरांघरांतून रोज संध्याकाळीं एक मार्था उभी असते. तिला ‘बैस’ म्हणणें सोपें आहे. तिला बसतां येईल अशी व्यवस्था करणें हें खरें काम आहे, आणि साप्ताहिक बेत हें त्याचें एक साधन आहे. सर्व भाकऱ्या आधीं करून फडक्यांत गुंडाळून ठेवाव्या, भांडीं मध्यें मांडावीं, ज्यानें त्यानें वाढून घ्यावें. गरम भाकरी तव्यावरून थेट ताटांत पडण्याचें सुख जाईल हें खरें. पण त्या सुखाची किंमत रोज एकाच माणसानें कां द्यावी?

आमच्या घरीं अजून सर्व कांहीं सुरळीत झालेलें नाहीं. कांहीं रात्रीं वही उघडली जात नाहीं, कांहीं रात्रीं जुनें वळण आड येतें. तथापि आतां आठवड्यांतल्या बहुतेक रात्रीं पाटांची संख्या आणि माणसांची संख्या एक असते. पत्नीला कारल्याची परतलेली भाजी मनापासून आवडते, हें मला या वर्षीं कळलें. इतकीं वर्षें आम्हां कोणाला कारलें आवडत नाहीं म्हणून तिनें तें कधीं आणलेंच नव्हतें. आतां महिन्यांतून दोन मंगळवार कारल्याचे असतात, आणि तें आम्हीं मुकाट्यानें खावें असा ठराव वहींत नोंदलेला आहे.

विद्यार्थ्यांसाठीं अभ्यास

१. गेल्या सात रात्रींचें जेवण आठवून वहींत लिहा. त्यांत धान्यें किती प्रकारचीं आलीं व भाजीचे अवयव किती आले, तें मोजा.

२. तुमच्या घरांतील माणसांच्या संख्येवरून एका आठवड्याच्या रात्रींच्या भाजीचें वजन काढा, आणि एकदां वडिलांबरोबर मंडईत जाऊन ती यादीप्रमाणें आणा.

३. येत्या रविवारीं घरच्यांसह पुढील आठवड्याचा बेत ठरवा. त्यांतील एक रात्र तुमची. त्या रात्रींचें एक काम तुमच्या हातचें.

४. आपल्या आईला कोणता पदार्थ आवडतो, तें तिला विचारा. ‘तुम्हांला आवडतें तेंच मला आवडतें’ असें उत्तर तिनें दिल्यास तें ग्राह्य धरूं नये, पुन्हां विचारावें.